सहा गिगाहर्ट्झचा हट्ट आणि पाथर्डी फाट्यावरचा एप्रिल

प्रश्न : नमस्कार सर. मी आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनचं काम घरूनच करते. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट आहे, शेवटचा मजला. जानेवारी २०२४ मध्ये कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. इंटेलचा आय-नाईन १४९००के प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. स्थिर चित्रं कोरोना या रेंडरच्या सॉफ्टवेअरवर करते, वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारे व्हिडिओ, अनरिअल इंजिनवर. मार्चपासून रेंडर लावला की मिनिटाभरात तापमान १०० दाखवतं. त्यात भर म्हणजे अनरिअल मध्येच बंद पडतं आणि ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा एरर येतो. दुकानदार म्हणतो, कार्ड बदला. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘ताई, हे के मॉडेल आहे, तू नुसतं वाया घालवतेयस. प्रोसेसरमधले सगळे कोअर सहा गिगाहर्ट्झवर लॉक करून देतो, रेंडर निम्म्या वेळात.’ थंड ठेवायला बर्फाच्या पाण्याची बादली लावायचा त्याचा बेत आहे. माझ्या डोक्यावर क्लायंटच्या तारखा आहेत, प्रयोग परवडत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, कार्ड बदलू नका. भावाला या आठवड्यात तरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरू देऊ नका. आणि प्रोसेसरचं बिल व खोका माळ्यावर कुठे ठेवलाय ते आजच शोधा. बिलाचं काय ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकत्र आलीत आणि दुकानदार, तुमचा भाऊ, तुम्ही स्वतः, सगळ्यांनी ती एकच धरलीत. रेंडरला १०० अंश जाणं हे एक. ते त्रासदायक आहे, पण त्यावर उपाय आहेत. अनरिअलचा एरर हे दुसरं, आणि ते जास्त गंभीर आहे. १६ जीबीच्या कार्डावर, बऱ्यापैकी आवाक्यातल्या सीनमध्ये व्हिडिओ मेमरी संपल्याची तक्रार येते, तेव्हा माझा पहिला संशय कार्डावर जात नाही, प्रोसेसरवर जातो. अनरिअल आपला डेटा दाबून ठेवतं आणि वापरताना तो उलगडतं. हे उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो, आणि त्यात एक बिट जरी चुकला तरी बेरीज जुळत नाही. पुढे काय तुटलं हे प्रोग्रॅमला नेमकं कळत नाही, तो हाताला लागेल तो एरर पुढे करतो. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांवर हाच संदेश इतक्या लोकांना आला, की आज जाणकार माणूस तो वाचून आधी प्रोसेसरचं मॉडेल विचारतो. मोठी झिप फाइल उघडताना अधूनमधून सीआरसी एरर, म्हणजे फाइलची बेरीज जुळत नसल्याची तक्रार, येते का? ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर विनाकारण फेल होतो का? तसं घडत असेल तर संशय आणखी पक्का.

याची हकीकत थोडक्यात अशी. २०२४ च्या पूर्वार्धात या चिपा अस्थिर होत असल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. सुरुवातीला मदरबोर्डवाल्यांकडे बोट गेलं, कारण बऱ्याच बोर्डांनी इंटेलच्या वीजमर्यादा सरसकट उघड्या ठेवल्या होत्या. ते कारण खरं होतं, पण अर्धंच. प्रोसेसर स्वतःच कधी कधी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्या जादा व्होल्टेजनं व उष्णतेनं त्याच्या आतला घड्याळाचे ठोके वाटणारा सर्किटचा भाग हळूहळू झिजत होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये ‘०एक्स१२९’ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला, त्यात १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला. सप्टेंबरमध्ये ‘०एक्स१२बी’ आला, तो चिप निवांत असताना किंवा हलक्या कामावर असतानाची जादा मागणीही आवरतो. बोर्ड कंपन्यांनी हे बायोस अपडेटमधून पोचवले. झालेली झीज मात्र कुठल्याही अपडेटनं भरून येत नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, म्हणजे भावाशी बोलायला सोपं जाईल. रेंडर चालू असताना सगळे कोअर राबतात, तापमान १०० ला टेकतं, की चिप स्वतःच वेग उतरवते आणि तगून राहते. ते तुम्हाला दिसतं म्हणून भीती वाटते. पण सर्वांत जास्त व्होल्टेज लागतं ते एखादाच कोअर वर उडी मारतो तेव्हा. ब्राउझर उघडला, फाइल सेव्ह केली, अशा फुटकळ कामांत. तेव्हा तापमान पन्नास-साठ असतं, पंखे शांत असतात आणि कुणाच्या मनात शंकाही येत नाही. तुमची मशीन २०२४ च्या जानेवारीपासून चालते आहे. बायोस कधी अपडेट केलाय असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक नाहीच केला.

तेव्हा पहिलं काम हे. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ताजा बायोस घ्या, ‘०एक्स१२बी’ किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड त्यात आहे का ते माहितीत वाचा, आणि टाका. टाकताना लाईट जाता कामा नये, एवढीच एक धास्ती. यूपीएसवर टाका, आणि त्या यूपीएसवर त्या वेळी दुसरं काही नको. मग बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. बोर्डानं ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ किंवा तशाच गोड नावाचं काही चालू ठेवलं असेल तर बंद करा. पॉवर लिमिट २५३ वॅटच्या वर नको, करंटची मर्यादा ३०७ अँपिअर. रॅमला जादा वेग देणारं एक्सएमपी हे सेटिंग तात्पुरतं बंद ठेवा, कारण तोही एका अर्थी ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणंच आहे आणि तपासात उगाच गोंधळ घालतो.

आता तोच वॉकथ्रू परत उघडा. एरर गेला, तर हायसं वाटून घ्या, पण महिनाभर लक्ष ठेवा. नाही गेला, तर बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा, म्हणजे मोठ्या वेगवान कोअरचा, वेग ठरवणारा गुणक ५३ वर आणा, म्हणजे ५.३ गिगाहर्ट्झ, आणि पुन्हा पाहा. वेग उतरवल्यावर एरर गायब आणि चढवल्यावर हजर, असं झालं तर चिप झिजली आहे, यात मला तरी शंका उरणार नाही. त्या अवस्थेत ५३ वर दामटत राहण्यात अर्थ नाही. आज ५३, सहा महिन्यांनी ५१, असा तो उतार असतो.

इथे तुमचं बिल कामाला येतं. बॉक्स-पॅक घेतलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलनं दोन वर्षांनी वाढवली आहे, म्हणजे खरेदीपासून एकूण पाच वर्षं. तुमची जानेवारी २०२९ पर्यंत चालेल. ट्रे-पॅक असेल, म्हणजे दुकानदारानं खोक्याशिवाय नुसती चिप बसवून दिली असेल, तर इंटेलकडे सरळ दाद मागता येत नाही, ज्यानं विकली त्यालाच धरावं लागतं. असेंबल करताना दोन-तीन हजार वाचतात म्हणून अनेक जण ट्रे घेतात आणि अशा वेळी हात चोळतात. म्हणून खोका आधी शोधा म्हटलं. दावा करताना एररचे स्क्रीनशॉट, बायोसची आवृत्ती आणि ५३ वर काय झालं ते, एवढं लिहून द्या. भावानं सगळे कोअर सहावर नेले असते, तर त्याच कागदावर ‘ओव्हरक्लॉक केला होता का’ या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं? के अक्षराचा अर्थ गुणक मोकळा आहे, इतकाच. मोकळा आहे म्हणून कंपनी भरपाईही देईल, असं नाही.

भावाचा उत्साह मला समजतो. ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती खरोखर मोठी होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्तातला प्रोसेसर त्याची बस, म्हणजे त्याला ताल देणारा मूळ वेग, ६६ वरून १०० वर नेली की ४५० वर चालायचा, दीडपट. २०११ चा आय-फाइव्ह २५००के साडेचार गिगाहर्ट्झ सहज झेलायचा. तेव्हा कारखाना चिपेत भरपूर वाव ठेवून द्यायचा आणि तो वाव हुशार पोरं लुटायची. तुमच्या १४९००के मध्ये तो वाव कारखान्यानंच लुटलाय. खोक्यावरचे सहा गिगाहर्ट्झ एक-दोन कोअरपुरते आहेत, तेही तापमान ७० अंशांच्या आत असेल तर. सगळ्या आठ परफॉर्मन्स कोअरना सहावर बांधून ठेवायचं, तर आताच्या सुमारे ५.६-५.७ वरून फायदा पाच-सात टक्क्यांचा. निम्म्या वेळात रेंडर हे गणित कुठून आलं ते त्यालाच विचारा. शिवाय कोरोनाच्या कामात सोळा एफिशियन्सी कोअरही, म्हणजे लहान कोअरही, ओझं वाहतात, ते तसेच राहणार, म्हणजे पदरात पडणारा फायदा आणखी कमी.

किंमत काय, ते पाहा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणून दोन्हीकडून मार. हेच उलट्या दिशेनं करा : वेग सहा टक्के कमी, व्होल्टेज आठ टक्के कमी. ०.९४ गुणिले ०.९२ चा वर्ग, म्हणजे वीज जवळपास वीस टक्क्यांनी खाली येते. सहा टक्के वेग देऊन वीस टक्के उष्णता गेली. एप्रिलमधल्या नाशिकमध्ये मी हा सौदा डोळे मिटून करीन.

ही उष्णता निघते कुठून, तेही लक्षात असू द्या. चिपेचं क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर. त्यातून २५३ वॅट. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा याच्या ऐंशी पट मोठा असतो, म्हणजे एकेका चौरस सेंटिमीटरमागे तुमचा प्रोसेसर इस्त्रीच्या वीसपट उष्णता टाकतो. म्हणून ३६० चा रेडिएटर लावूनही आकडा चढतो. अडचण रेडिएटरची कमी आणि त्या टीचभर जागेतून उष्णता तांब्यापर्यंत पोचवण्याची जास्त. आणखी मोठा कूलर आणून फार फरक पडणार नाही, तो खर्च करू नका.

कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या तापमानावर काही अंश चढवून देतो. समजा २५३ वॅटवर तुमचा कूलर खोलीपेक्षा ६५ अंश वर ठेवतो. जानेवारीत खोली १८ वर, प्रोसेसर ८३ वर. सगळे खूश. एप्रिलच्या संध्याकाळी स्लॅबखालची खोली ३७, बेरीज १०२, म्हणजे १०० ला थ्रॉटलिंग, चिप स्वतःच वेग उतरवते. मशीनमध्ये काहीही बिघडलं नाही, ऋतू बदलला. डिसेंबरात तासभर टेस्ट लावून ‘स्टेबल आहे’ म्हणणाऱ्या नाशिककरावर मी विश्वास ठेवत नाही. टेस्टही दोन मिनिटांची नको. लिक्विड कूलरमधलं पाणी पुरतं तापायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याआधीचा आकडा फसवा असतो.

नाशिकला मात्र एक सवलत आहे, मुंबईवाल्याला ती मिळत नाही. दिवसा चाळीस असलं तरी रात्री उतरतं. एप्रिलातही पहाटे बाहेर वीस-बावीस अंश असतात, आणि तुमचा स्लॅब मात्र दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओतत असतो. मोठा रेंडर रात्री बारानंतर लावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि एका खिडकीत एक्झॉस्ट फॅन बाहेर फेकणारा ठेवा. कार्डासकट मशीन पाचशे वॅटच्या आसपास उष्णता खोलीत टाकते, बंद खोलीत ती साचते आणि तीच हवा रेडिएटर परत ओढतो. खोली गार करायला पाण्याचा एअर कूलर लावत असाल तर कोरड्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो, पण झोत थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात. पावसाळ्यात तो बंदच.

पत्रात लिहिलं नाहीत, पण मला वाटतं कॅबिनेट सुतारानं करून दिलेल्या टेबलाच्या कप्प्यात असणार. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. तसं असेल तर आधी बाहेर काढा. मग काचेचं साइड पॅनल काढून तोच रेंडर लावा. पाच-सहा अंशांहून जास्त फरक पडला तर हवेची वाटच अडलेली आहे, बाकी काही विकत घेण्याआधी ती मोकळी करा.

त्यानंतर रेडिएटरचे पंखे सोडवा. वरून पाहून साफ दिसतो म्हणू नका. पंखा आणि जाळी यांच्या मधे, जिथे नजर पोचत नाही, तिथे धुळीचा राखाडी थर बसतो, बोटानं उचलला तर कापडासारखा अखंड निघतो. पाथर्डी फाट्याला चहूबाजूंनी बांधकामं चाललीत, सिमेंटची बारीक पूड सरळ आत येते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, मोकळी फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. रेडिएटर वर लावलेला असेल तर उत्तम. समोर असेल तर त्याचा वरचा भाग पंपाच्या वर आहे ना, ते बघा. लूपमधली हवा सर्वांत उंच जागी जमते, ती जागा पंपाची असेल तर गुडगुड आवाज येतो आणि पंप लवकर जातो.

चिप आणि कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट दोन वर्षांत बदलायला हरकत नाही. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, नवी मधोमध वाटाण्याएवढी, स्क्रू एकदम एक न आवळता आळीपाळीनं, समोरासमोरचे. या सॉकेटची आणखी एक खोड आहे. बंद करणारी पट्टी चिपेला मधोमध दाबते आणि तिचं झाकण किंचित वाकतं, त्यामुळे कूलर सगळीकडे सारखा टेकत नाही. काँटॅक्ट फ्रेम नावाची छोटी चौकट त्यावर मिळते, काही अंश उतरतात. पण वॉरंटीचा निकाल लागेपर्यंत तिला हात लावू नका. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या, म्हणजे द्रव धातूच्या, भानगडीत तर पडूच नका. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि एक थेंब बोर्डावर ओघळला की शॉर्ट.

चिप निरोगी ठरल्यावर, किंवा बदलून आल्यावर, एप्रिल ते जून पॉवर लिमिट २०० वॅटवर ठेवा. कोरोनाचा एकच ठरलेला सीन आधी २५३ वर आणि मग २०० वर चालवा, वेळ लिहून ठेवा. वॅट जितक्या टक्क्यांनी उतरवले, वेळ त्याहून कितीतरी कमी टक्क्यांनी वाढलेला दिसेल. तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहा, ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘नो’ दिसलं पाहिजे. ९० च्या आत बसलं की तिथेच थांबा. व्होल्टेज ऑफसेट उणे करण्याचा, म्हणजे अंडरव्होल्टचा मार्गही आहे, पण तो सावकाशीचा आहे. थोडं थोडं कमी करून दर वेळी तासन्तास तपासायला लागतं, आणि काही बोर्डांवर करंटचं संरक्षण मधे येऊन वेग उलट घटतो. तुमच्या तारखा पाहता पॉवर लिमिट पुरे. अनरिअलचं काम बहुतांशी कार्डावर चालतं, तिथे तर तुम्हाला फरक कळणारही नाही.

बर्फाची बादली. डिसेंबर २०२२ मध्ये १३९००के नं ९ गिगाहर्ट्झ ओलांडला, त्याला द्रव हेलियम लागलं होतं, आणि तिथे कुणी क्लायंटचा वॉकथ्रू रेंडर करत नव्हतं. घरगुती बर्फाच्या पाण्याचं दुखणं वेगळं आहे. जी वस्तू हवेच्या दवबिंदूखाली जाते तिला घाम फुटतो. जुलैत तुमच्या खोलीत दवबिंदू बावीस-तेवीसच्या आसपास असतो आणि बर्फाचं पाणी पाच अंशांचं. नळ्या, ब्लॉक, सॉकेटच्या भोवतालचा बोर्ड, सगळं ओलं. आत्ता कोरड्या एप्रिलात कदाचित काही होणार नाही, आणि नेमका त्यामुळे तुमचा भाऊ ‘बघ, चाललं ना’ म्हणेल.

त्याचा हात मात्र बांधू नका, शिकण्याची हौस चांगली आहे. एएमडी कंपनीच्या रायझनचे डेस्कटॉप प्रोसेसर जवळपास सगळेच अनलॉक्ड, म्हणजे गुणक मोकळा असलेले, येतात. बी४५० मदरबोर्ड आणि जुना रायझन अशी एखादी जोडी कुणी विकत असेल तर त्याला घेऊन द्या आणि हवं ते करू दे, जळलं तर त्याचं. व्होल्टेज आणि तापमान यांचं नातं त्याला तिथे तुमच्या कामाच्या मशीनपेक्षा लवकर कळेल, कारण भीती नसेल.

यूपीएसचं एक राहिलं. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस जेमतेम ३६० वॅट उचलतो. प्रोसेसर २५३ आणि वर कार्ड, मिळून तो कधीच ओलांडला. रेंडरच्या मधे लाईट गेली तर तो काही सेकंदही धरणार नाही, आणि फाइल गेली की तुम्ही पुन्हा प्रोसेसरलाच दोष द्याल. बायोस अपडेटच्या वेळचा भार कमी असतो, तेवढ्यापुरता तो चालेल.

आणि चिप बदलायला पाठवलीत तर मधले दिवस मशीन बंद ठेवायची गरज नाही. तुमच्या सॉकेटमध्ये बाराव्या पिढीचे प्रोसेसरही बसतात आणि त्यांना हा झिजेचा आजार नाही. ओळखीत कुणाचा आय-फाइव्ह १२४०० पडून असेल तर महिनाभर मागून घ्या. कोरोना रडतखडत चालेल, पण वॉकथ्रू कार्डावर असल्यामुळे तारखा सांभाळता येतील. फक्त बायोस अपडेट चिप काढण्याच्या आधीच उरकून घ्या.